डाव्या हाताची मोटर

मांडवी, रत्नागिरी
ता. ११ जून १९३५

चि. सौ. गुणवंती हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद झाल्यामुळे टपाल आता कोल्हापूरवरून घाट उतरून येते आणि पोस्टमन ते ओल्या पापडासारखे माझ्या हातावर ठेवतो. तरी वाचता आले. सुनेचे डोहाळे कळले. तिला आंबट हवे तेवढे खाऊ दे. तुझी मते मात्र बेताने वाढ.

आता आपल्या भावाविषयी, आप्पाविषयी. तू 'आप्पा बरा आहे ना' असे विचारतेस आणि मी हो म्हणावे अशी तुझी इच्छा दिसते. तो बरा नाही. उजवा हात खांद्यापासून लोंबतो. पेला धरता येतो, भरलेला पेला धरता येत नाही. पाय मात्र ठणठणीत आहेत, आणि ते त्याला रोज खाली किनाऱ्यावर घेऊन जातात, माडाच्या झापांखाली झाकलेल्या होडीपाशी. काल जेवताना त्याने जाहीर केले की नारळी पौर्णिमा झाली की होडी पाण्यात जाणार आणि होडीत तो जाणार. एकटा.

कार्तिकात तुझ्या घरी लेकीचे बाळंतपण होते, म्हणून तुला मी 'आप्पाला अर्धांगाचा झटका आला, आता धोका नाही' एवढेच लिहिले. तो झटका घरात आला नव्हता. होडीत आला. हात गेला, मग शीड कोण आवरणार आणि वल्हे कोण मारणार? ओहोटीने होडी खाडीच्या मुखातून बाहेर काढली, किल्ल्यापलीकडे नेली, आणि दुसऱ्या दिवशी जयगडच्या एका पडावाने तिला ओढत परत आणले. त्या सकाळी मी नेहमीसारखी माजघराच्या खिडकीत उभी होते. सगुणावहिनी होती तोवर ती तिथून पांढरा पंचा हलवत असे. ती गेल्यापासून मी हलवते, कारण कोणीतरी हलवायला हवा. इतक्या वर्षांत त्या माणसाने उलट हात वर केलेला मी एकदाही पाहिलेला नाही. त्या दिवशीही पंचा हलवला, शीड बारीक होताना पाहिले आणि भाजी चिरायला बसले.

मी म्हटले, होडी विकून टाक. तो भांडला असता तर मला बरे वाटले असते. जन्म मुलींच्या शाळेत काढलेल्या बाईला भांडण झेपते. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि पेज घेतली तीही माझ्यावर उपकार म्हणून. डॉक्टर म्हणाले, होडीचा विषय काढू नका, नाहीतर हा माणूस वाळत जाईल. म्हणजे घरी ठेवला तर भिंतीकडे तोंड करून जाईल, आणि सोडला तर समुद्रात जाईल. यातले कोणते पसंत करायचे, ते तुझ्या मुंबईच्या शहाण्या लोकांना विचार.

तुझ्या यजमानांनी मागे लिहिले होते की अपोलो बंदरावर एका साहेबाच्या होडीला मागे टांगलेली मोटर पाहिली. वारा पडला आणि हात चालला नाही तरी ती होडी घरी येईल ना? चौकशी कर. आजच कर.

कळावे. लोभ आहेच, त्याला थोडी घाई जोडावी.
तुझी ताई,
सत्यवती


गिरगाव, मुंबई
ता. २० जून १९३५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कार्तिकातले वाचले. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा तू हे पोटात ठेवलेस आणि पत्रांतून मला लोणच्यात मीठ कमी पडल्याबद्दल बोलत राहिलीस. यावर मला पुष्कळ बोलायचे आहे, पण तू थोरली, म्हणून गिळते.

काल यांना घेऊन कोटातल्या एका पारशी शेटजींच्या दुकानात गेले. तिथे तीन मोटरी लाकडी घोडीवर टांगून ठेवल्या होत्या. वर टोपीसारखे चाक, मधे दांडा, खाली पाण्यात फिरणारे पाते. एक पाच घोड्यांच्या ताकदीची, एक साडेतीन आणि एक अडीच. शेटजींनी विचारले, होडी केवढी, खोली किती, माणसे किती, पाणी नदीचे की समुद्राचे. मला एकाचेही उत्तर देता येईना. आपल्या लहानपणी होडी सगळे मावतील एवढी होती, तेवढेच मला आठवते. शेटजींचे मत पाच घोड्यांचीच घ्यावी, भर ओहोटी कापून आत येईल. यांचेही तेच मत, पण ती सर्वांत चकचकीत होती म्हणून.

तेव्हा मापे कळव. आणि आप्पाला हे ठाऊक आहे का, तेही. त्याला न विचारता त्याच्या होडीला हात लावलास तर तो कसा होतो ते मला माहीत आहे. माझ्या बाहुलीची ओढणी त्याच्या शिडाला बांधली होती तेव्हाचे आठवते.

थोरांनी लोभ ठेवावा आणि काही लपवू नये, ही विनंती.
तुझी,
गुणवंती


मांडवी, रत्नागिरी
ता. १ जुलै १९३५

चि. सौ. गुणवंती हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कार्तिकातले तेव्हाच कळवले असते तर तू काय केले असतेस? रडली असतीस, बाळंतिणीला रडवले असतेस, आणि मला इथे बसून आप्पासकट तिघांची काळजी करावी लागली असती. विषय संपला.

होडी मोजली. घरकामाच्या राहीने छत्री धरली आणि मी शिवणाची टेप घेऊन झापांखाली शिरले. लांबी अठरा फूट, रुंदी तीन फुटांना जरा कमी, खोली दोन फूट. डोलकाठी एक, शीड एक, मागे सुकाणू. माणसे एक, हट्टी. पाणी खाडीचे, मुखाशी समुद्राचे, आणि त्या दोघांचे जिथे भांडण लागते तिथेच याला मासे मिळतात. आप्पा वर येऊन उभा राहिला. मी म्हटले, नवे झाकण शिवायचे आहे. तो म्हणाला, झाकणाला खोली कशाला लागते. मी टेप गुंडाळायला घेतली. कॉन्व्हेंटात आम्हांला शिकवले होते की खोटे बोलू नये. एकावर दुसरे बोलू नये, असे मी त्यात माझे घातले आहे.

आता माझ्या मनातले ऐक. पाच घोडे कशाला? त्याला कोणाशी शर्यत लावायची आहे? पण मग वाटते, मुखाशी ओहोटीचा ओढा असा असतो की लहान मोटर जागच्या जागी फिरत राहील. मोठी घ्यावी, तर एवढे लोखंड त्या होडीला पेलेल का? त्यात पेट्रोल. पेट्रोल म्हणजे आग, आणि आप्पा म्हणजे विडी. आणि मोटर बंद पडली तर? आज हात नाही म्हणून मोटर. उद्या मोटर नाही म्हणून काय? मला पडावात बसवले की मी डोळे मिटून एकदा रामरक्षा आणि एकदा सिस्टर आग्नेसची प्रार्थना म्हणते, हे तुला ठाऊक आहे. हल्ली मी ती दोन्ही जमिनीवरच म्हणते आहे.

शेटजींनी तुला मोटर काय काय करते ते सांगितले. ती सुरू कशी होते, हे तू विचारलेस का? विचार. आणि सांगतील ते ऐकून येऊ नकोस, डोळ्यांनी बघून ये.

लोभ असू द्यावा. सल्ला असल्यास मापात असावा.
तुझी ताई,
सत्यवती


गिरगाव, मुंबई
ता. ११ जुलै १९३५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बघून आले, आणि बरे झाले तू विचारायला लावलेस. वरच्या चाकावर एक गाठीची दोरी गुंडाळायची आणि हिसका द्यायचा. शेटजींच्या माणसाने पाय रोवून तो दिला. कोणत्या हाताने, ते तू ओळखलेच असशील.  हात चालत नाही म्हणून आपण जी वस्तू घेतो आहोत, तिला पहिली गोष्ट हवी ती उजवा हात.

मग मी काय केले ते सांगते. यांच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेले बरे. मी उजवा हात पदरात गुंडाळून कमरेशी खोचला आणि म्हटले, आता मला ओढून बघू द्या. शेटजी म्हणाले, हे बायकांचे काम नाही. मी म्हटले, हे डाव्या हाताचे काम आहे, आणि तो माझ्याकडे आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी मोटरी मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपांवर लावून दिल्या. पाच घोड्यांचे चाक अर्धे फिरले आणि उलटे आले. दोरीचा असा फटका बसला की मनगटावर अजून वळ आहे. साडेतीनची खोकली आणि निजली. अडीचची, एका सिलिंडरची, तिसऱ्या ओढीला अशी ओरडली की पिंपातले पाणी शेटजींच्या डगलीवर. रस्त्यावरची माणसे आत डोकावू लागली. हे समोरच्या फुटपाथवर उभे राहून आपल्याला ओळखत नसल्यासारखे पाट्या वाचत होते.

पण ताई, शेटजी माणूस सरळ आहे. डगली पुसत त्यांनी सांगितले की ही लहान मोटर शांत पाण्यात होडी सहज नेईल, भर ओहोटीच्या विरुद्ध मात्र जाईलच असे नाही. म्हणजे जी घरी आणील ती आप्पाला सुरू होणार नाही, आणि जी सुरू होईल ती घरी आणीलच असे नाही. मी दोन दिवस हेच उलटसुलट करते आहे. भातात मीठ दोनदा पडले. तू काय ते ठरव.

लहानांवर लोभ असावा. वळाला हळद लावली आहे.
तुझी,
गुणवंती


मांडवी, रत्नागिरी
ता. १९ जुलै १९३५

चि. सौ. गुणवंती हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी मला प्रथमच लाज वाटली नाही. मनगट जप.

अडीच घोड्यांची घे. जे सुरूच होत नाहीत ते पाच घोडे तबेल्यात बरे. ओहोटीचे म्हणशील, तर ओहोटी काही चोरासारखी येत नाही, पंचांगात बघून येते. आप्पाने अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत जावे, तेव्हा पाण्याला ओढा नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला घरी बसावे. हे मी त्याला सांगितले.

होय, त्याला सांगितले. सगळेच. तो ओरडेल म्हणून राहीला आधीच शेजारी पाठवले होते. त्याने सगळे ऐकून एकच विचारले, ती आवाज करते का. मी म्हटले, करते. तो म्हणाला, मासे पळतील. आणि त्या रात्री त्याने भाकरी जास्तीची मागून घेतली. सोड्यांची आमटीही पुन्हा घेतली. मला आनंद व्हायला हवा होता. पण पहाटे जागी झाले ती या विचाराने, की आजवर तो जाऊ शकत नव्हता. आता मी त्याला जायला वाट करून दिली. पुढे काही झाले तर ते समुद्राने केले असे मला म्हणता येणार नाही.

मोटर रेल्वेने कोल्हापूरपर्यंत आणि तिथून लॉरीने पाठव. पेंढा भरपूर घालायला सांग.

लोभ ठेव, आणि देवासमोर बसशील तेव्हा आप्पाचे नाव आधी घे, माझे मग.
तुझी ताई,
सत्यवती


मांडवी, रत्नागिरी
ता. १० ऑगस्ट १९३५

चि. सौ. गुणवंती हीस,
आशीर्वाद. वि. वि.

मोटर आली. सुखरूप आली. निरुपयोगी आली.

तिला दोन लोखंडी चिमटे आहेत आणि ते होडीच्या पाठीमागच्या सपाट फळीला आवळायचे असे पुस्तकात लिहिले आहे. आपल्या होडीला पाठीमागे फळी कुठली? ती दोन्हीकडून माशासारखी निमुळती, आणि मागच्या टोकाला सुकाणू. पण हेही चालले असते. खरी गोष्ट पुढेच आहे. मी लांबी लिहिली, रुंदी लिहिली, खोली लिहिली, आणि उलांडी लिहिली नाही. होडीच्या डाव्या अंगाला, दोन आडव्या लाकडांच्या टोकाला बांधलेला तो पाण्यावर तरंगणारा ओंडका, ज्याच्यावाचून आपली होडी उभीच राहत नाही, तो मी लिहिला नाही. माणसाचे वर्णन करताना त्याला नाक आहे असे कोणी लिहिते का? आणि तू? त्या शेटजींपुढे तासभर उभी होतीस, दोऱ्या ओढल्यास, डगली भिजवलीस. याच उलांडीवर बसून तू लहानपणी पाय हलवत होतीस. त्यांना म्हणाली असतीस, शेटजी, आमच्या होडीला एका बाजूला ओंडका असतो. आपण दोघी इथे जन्मलो याचे हे फळ.

खंडू सुतार आला. त्याने होडीच्या उजव्या अंगाला, काठावर, बाहेर आलेली जाड फळी ठोकून दिली, कारण डाव्या अंगाला उलांडी. काल खाडीत, राजिवड्याच्या बाजूला, पाणी थांबलेले बघून मोटर टांगली आणि आप्पा आत बसला. त्याने डाव्या हाताने दोरी ओढली. तो उजवीकडे कलला, मोटरचे लोखंडही उजवीकडे, आणि डावीकडची उलांडी पाण्यातून अशी वर आली, कुत्र्याने भिंतीपाशी पाय उचलावा तशी. होडीत पाणी शिरले. खंडू गळ्याइतक्या पाण्यात उभा होता म्हणून त्याने काठ धरून खाली दाबला. आप्पा हसत होता. मला ते हसू मुळीच आवडले नाही.

खंडूचे म्हणणे, उलांडीच्या अंगाला वजन हवे. मी म्हटले, वाळूचे पोते ठेवा. आप्पा म्हणाला, वारा फिरला की वजन आत-बाहेर सरकावे लागते, आणि वाळू सांगितलेले ऐकत नाही. म्हणजे माणूस हवा. पौर्णिमा झाली की इथला प्रत्येक धडधाकट माणूस आपापल्या पडावावर. मी तीन ठिकाणी विचारून आले. आप्पाने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाला, मग मोटर काढून ठेवू, मी शिडावर एकटाच जातो.

मला झोप नाही. लिहायला दुसरे काही नाही.

लोभ असावा.
सत्यवती


गिरगाव, मुंबई
ता. १४ ऑगस्ट १९३५, नारळी पौर्णिमा

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज आले आणि आजच पौर्णिमा. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असेल. तरी लिहिते, कारण हातांना दुसरे काही सुचत नाही. यांनी चौपाटीवर नारळ वाहिला; मी तिथे उभी राहून समुद्राला मनातल्या मनात तुझ्या शब्दांत चार गोष्टी सुनावल्या.

उलांडीचे खरे आहे. शेटजींनी विचारले होते, होडीत काही विशेष आहे का. मी म्हटले, काही नाही, साधी होडी आहे.

ताई, त्याला जाऊ देऊ नकोस. ती गाठीची दोरी लपवून ठेव. नको, लपवू नकोस. मोटर चालली नाही तर तो शिडावर जाईल. शीड लपव. तेही नको, तो परत भिंतीकडे तोंड करील. तू काहीही कर, पण मला तार कर. एक शब्द पुरे.

लोभ असावा, तारेने असावा.
तुझी,
गुणवंती


मांडवी, रत्नागिरी
ता. ९ सप्टेंबर १९३५

चि. सौ. गुणवंती हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझी तीन पत्रे आणि यजमानांची तार मिळाली. मी तार केली नाही, कारण कळवण्यासारखे काही घडत नव्हते. पौर्णिमेला नारळ दिला, पण समुद्र निवळला नाही आणि होडी झापांखालीच राहिली. गणपती आले, गौरी आल्या. आप्पा रोज पडवीत उभा राहून पाण्याकडे बघे आणि मी आप्पाकडे. गौरी बोळवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी तेलासारखे झाले. भांगाचे दिवस, ओढा नाही. आप्पा उठला आणि टोपी शोधू लागला.

मी म्हटले, थांब, माझी छत्री आण.

त्याने मला दोनदा विचारले. माझे उत्तर एकच होते: वजन हवे ना, मग माझे आहे, आणि सांगितलेले ऐकत नाही ही तक्रार तुला वाळूबद्दल करता येते, माझ्याबद्दल तू जन्मभर केली आहेस. किनाऱ्यावर माझ्या जुन्या विद्यार्थिनी आपल्या पोरांना काखेत घेऊन उभ्या होत्या. एकीने तोंडाला पदर लावला. ती आनंदीबाई, सातवीत नापास झालेली. मी तिच्याकडे बघितले. तिने पदर काढला.

मला उलांडीच्या अंगाला, आडव्या लाकडाच्या मुळाशी बसवले. दोरीही मीच ओढायची असे ठरले, कारण आप्पा डाव्या हाताने ओढतो तेव्हा उजवीकडे कलतो, आणि मग मागच्या वेळेसारखे होते. मी पुढे वाकून हात लांब केला की पोहोचतो आणि बैठक सुटत नाही. पुस्तकात लिहिले आहे की दोरी झटक्यात, न घाबरता ओढावी. पहिला भाग जमला. चौथ्या ओढीला मोटर लागली. आवाज असा, की रामरक्षा आणि सिस्टर आग्नेस या दोन्हींतले मला स्वतःलाही काही ऐकू येईना. आप्पाने डाव्या हातात सुकाणू धरले आणि आम्ही भाट्याच्या रेतीवरून, मुखातून, बाहेर गेलो. मी डोळे उघडे ठेवले होते. मिटले की होडी जास्त हलते.

मुखाबाहेर आल्यावर त्याने हाताने खूण केली, बंद कर. मला वाटले बिघडली.  मी खटका ओढला. सगळे शांत झाले. आप्पा म्हणाला, "ताई, आता जरा गप्प बसू."

जन्मात पहिल्यांदा मी त्याचे ऐकले.

त्याने डाव्या हाताने शीड हळूहळू चढवले आणि त्याची दोरी माझ्या हातात दिली. ती जिवंत असते, गुणवंती. जनावराच्या दाव्यासारखी ओढते. वारा फिरला की तो म्हणे आत सरक, बाहेर सरक, आणि मी सरकत होते. तेवढ्यात मी मागे वळून आपले घर शोधले. पुष्कळ वेळ सापडेना. मग माडांच्या वर, मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. ती माजघराची खिडकी. तिच्यात कोणी उभे आहे की नाही, पंचा आहे की नाही, काहीच कळणे शक्य नाही. इतकी वर्षे मी त्याला माणूसघाणा म्हणत आले.

मी पुन्हा समोर वळले. होडी किल्ल्याच्या रेषेत आली तेव्हा आप्पाने सुकाणू मांडीखाली दाबून धरले आणि डावा हात वर केला, घराच्या दिशेने. मी विचारले, कोणाला? तो म्हणाला, इथे आले की करायचा, सगुणा होती तेव्हापासूनचे आहे. पूर्वी उजवा करत होतो, आता हा.

घरात राहीसुद्धा नव्हती. ती किनाऱ्यावर माझी चप्पल सांभाळत होती. खिडकी रिकामी होती. तरी मीही हात वर केला.

येताना मोटर दुसऱ्या ओढीला लागली. मासे मिळाले नाहीत. पुढच्या अष्टमीला पुन्हा जायचे म्हणतो आहे, आणि मला आतापासून धडधडते. भीती गेली असे समजू नकोस. फक्त ती आता खिडकीत उभी न राहता होडीत बसते. आगबोटी सुरू झाल्या की पहिल्याच बोटीने तू ये. मुंबईची ती गाठीची दोरी आणखी एक आण, आणि तुझे डावे मनगट बरे असेल तर तेही. आम्ही बाहेर असताना घरातून कोणीतरी पंचा हलवायला हवा. दिसणार नाही. तरी हलव.

कळावे. लोभ असावा, आणि तो दुरून दिसला नाही तरी आहे असे धरून चालावे.
तुझी ताई,
सत्यवती